रविवारची सुई

अनघा,

दिल्लीच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहा, असं सांगून कुलकर्णी गेले. जन्म कुठला, शिक्षण किती, कंपनीत हुद्दा काय, हे सगळं यायला पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, ते प्रशांतला विचारा. तो तिचा नवरा आहे, त्याला पाठ असेल. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. सरोजिनी नगरच्या क्वार्टरात राहून जन्मभर सरकारी बांधकामावर मुकादमी केली. मला कोणाची माहिती लिहिता येत नाही. लिहायचं तर मी माझ्या सुनेशी बोलेन. ज्याला वाचायचं तो वाचेल, नाही तर पान उलटेल.

आधी घरातलं सांगतो, कारण तू असतीस तर तेच आधी विचारलं असतंस. तुझी सासू रविवारची सुई घेईनाशी झाली. तू गेल्यापासून गेल्या रविवारपर्यंत एकही घेतली नाही. बोटं परत सुजायला लागली आहेत. चहाच्या कपाचा कान धरता येत नाही, कप दोन्ही तळव्यांत धरते. काल पदराची पिन लावता लावता खाली बसली आणि पिन तशीच टाकून उठली. मी बघितलं. मी बघितलं हे तिनेही बघितलं.

लोकांना सांगायला हवं म्हणून लिहितो. तिला सांध्यांचा आजार आहे, म्हातारपणाचा नाही, रक्तातला. औषध आठवड्यातून एकदा पोटात टोचून घ्यायचं. सुरुवातीला दवाखान्यात जायचो. मग तू म्हणालीस, ऑटोच्या हादऱ्यांनी आईंचे सांधे जास्त दुखतात, मी घरीच देते. तेव्हापासून रविवार तुझा. आणि त्याच रविवारपासून तू माझ्या मागे लागलीस. "बाबा, तुम्ही पण शिकून घ्या ना. मी कधी बाहेरगावी असले तर?"

"तू जाऊ नकोस बाहेरगावी."

"असं कसं बाबा?"

"हे हात बघ. ह्यांनी पहार धरली, थापी धरली. सुई धरायची तर पोत्याची धरेन."

तू सुई घेऊन तुझ्या सासूकडे वळायचीस. मला वाटायचं, जिंकलो.

आपलं खरं भांडण मात्र तुझ्या कंपनीवरून. तू सुपात धान्य पाखडावं तसं ऑफिस घरी आणून पाखडायचीस आणि मी समोर बसलेला असायचो, तर मला बोलल्याशिवाय राहवायचं नाही. तू एक पेन करत होतीस. लिहायचं नाही, टोचायचं. आत औषध भरलेलंच, स्प्रिंग लावलेली, पोटाला टेकवून दाबलं की आपोआप सुई जाते, औषध जातं. तुझ्या सासूसारख्या बोटं वाकलेल्या माणसांनी कुणाची वाट न बघता स्वतः घ्यावं म्हणून. ऐकायला चार शब्दांचं काम. मी म्हटलं होतं, पावसाळ्याआधी उरकशील. त्यावर किती पावसाळे गेले.

अडचण अशी की औषधवाले वेगळे, यंत्रवाले वेगळे, आणि दोघांची मोट बांधणारी तू. औषधवाल्यांचे सक्सेना, पिकल्या केसांचे, त्यांचं औषध आधीच सरकारातून पास झालेलं. त्यांना पेनाची गरजच नव्हती, पेन म्हणजे मागे लागलेलं झेंगट. यंत्रवाला तंवर, मानेसरच्या कारखान्यांकडचा, आधी गाड्यांचे पार्ट करायचा. गाडीचा पार्ट नासत नाही. औषध नासतं, हे त्याच्या डोक्यात शिरायला तयार नव्हतं. काचेच्या नळीत औषध, नळीला आतून तेलाचा हात, म्हणजे मागचं रबरी बूच सरकत पुढे येतं. तेल जास्त झालं तर औषधात कण धरतात, म्हणून सक्सेना म्हणायचे कमी करा. तेल कमी पडलं तर बूच अडकतं, सुई पोटात आणि औषध अर्ध्यात, म्हणून तंवर म्हणायचा वाढवा. आणि यातलं कणभर काही बदललं की औषध पुन्हा कपाटात ठेवून महिनोन् महिने बघत बसायचं, बिघडतं का. बदल तंवरचा, थांबायचं सक्सेनांनी. मग कोण खुशीने येणार?

"बाबा, लग्न लावायचं आहे," तू म्हणायचीस, "आणि दोन्हीकडे वरपक्षच आहे. मुलीकडचं व्हायला कोणी तयार नाही. मानपान मात्र दोघांनाही पाहिजे, आणि नियमही दोन्ही घरचे पाळायचे."

मी तुला आमच्या शटरिंगचं सांगितलं. आमच्याही स्लॅब ओतायच्या फळ्यांना तेल लावतात. कमी लावलं तर फळी स्लॅबला चिकटते, जास्त लावलं तर छताला डाग.

"मग तुम्ही काय करायचात?" तू खरंच वही घेऊन बसल्यासारखी विचारत होतीस.

"मधलं लावायचं. तरी चिकटली तर पहार घालायची. डाग पडला तर चुना मारायचा."

तू इतकी हसलीस की चहा सांडला. "बाबा, माणसाच्या पोटाला चुना कुठून मारू?"

मला राग आला होता. आजही वाटतं, मधलं लावून बघायला हवं होतं. तू म्हणालीस, मधल्यात दोन्ही होतं, कणही धरतात आणि बूचही अडकतं. ते मला पटलेलं नाही. मधलं म्हणजे मधलं.

माणसं वागवण्याचं म्हणशील तर मला जास्तच माहीत होतं. माझ्या हाताखाली बेलदार, म्हणजे मजूर, असायचे, राजस्थानचे, बिहारचे, कोणी रडका, कोणी पेंगणारा, कोणी युनियनवाला. सक्सेना मीटिंगला येत नाहीत म्हणून तू आठवडा आठवडा थांबायचीस, ते मला बघवत नव्हतं. मी म्हटलं, वर कळव. साहेबाचा एक फोन गेला की धावत येईल.

"वर कळवलं तर येतील बाबा. पण नुसते येतील."

"मला नुसतेच यायला हवे असायचे. आला की घमेलं उचलतो."

"घमेलं उचललं की दिसतं. ह्यांनी मन लावलं नाही हे मला चार महिन्यांनी कळतं, कपाट उघडल्यावर."

मी टीव्हीचा आवाज वाढवला. का ते तुलाही कळलं होतं. तू रिमोट घेतला नाहीस.

जानेवारीत पानिपतच्या लढाईच्या दिवशी मंडळाची बस काला अंबच्या स्मारकाला गेली ते आठवतं? पानिपतला जाईपर्यंत तू फोनवर. "हां जी सक्सेनाजी, बिल्कुल, आपकी बात सही है।" पाठोपाठ तंवर. "हां तंवरजी, आपकी भी सही है।" मी मागच्या सीटवरून ऐकत होतो, अंगाचा तिळपापड. स्मारकापाशी सगळे नारळ, फुलं घेऊन उभे, थंडीने नाकं लाल, आणि मी तुला म्हटलं, बघ, इथे हुकूम एक नव्हता म्हणून आपली ही गत झाली. कोणी म्हणे तोफा पुढे, कोणी म्हणे गनिमी कावा. ज्याला त्याला त्याचीच बात सही.

तू शालीत हात घालून म्हणालीस, "हुकूम एकच होता बाबा. ऐकणारे खूश नव्हते."

"खूश असण्याचा काय संबंध? लढाई आहे."

"मग हरलो का?"

कुलकर्णी मध्ये पडले, म्हणाले आजच्या दिवशी तरी सासरा-सून भांडू नका, लोक बघताहेत. परतीच्या बसमध्ये तू मला तिळाची वडी दिलीस आणि मी घेतली, पण भांडण मिटलं नव्हतं. मी आणखी दोन मुद्दे काढून ठेवले होते. ते अजून माझ्यापाशी आहेत.

तुझी एक गोष्ट मात्र मी कुठे पाहिली नव्हती. जो माणूस अडून बसेल त्याला तू ऑफिसात बोलवायचीस ना, तिथे तो यायचा नाही, मग तू त्याला रविवारी घरी जेवायला बोलवायचीस. इथे दिल्लीच्या द्वारकेत, आपल्या चौथ्या मजल्यावर. जेवायला कोण नाही म्हणतं? सक्सेना आले तेव्हा मिठाईचा डबा आणि कपाळाला आठी, दोन्ही घेऊन आले. तू कामाचं अक्षरही काढलं नाहीस. तुझ्या सासूच्या हातात नुसतं रिकामं पेन दिलंस, औषध नसलेलं, आणि स्वयंपाकघरात गेलीस. तिने टोपण ओढलं. निघेना. पदरात धरून ओढलं. शेवटी दातांत धरलं.

सक्सेना खुर्चीवरून अर्धे उठले. "माताजी, दांतों से?"

"तो और किससे खोलूँ? तुमने तो उँगलियोंवालों के लिए बनाया है," ती म्हणाली. तिचं हिंदी सरोजिनी नगरच्या भाजीवाल्यांकडून शिकलेलं, पण वार बरोबर बसतो.

सक्सेना म्हणाले टोपण तंवरचं डिपार्टमेंट. म्हणाले खरे, पण नजर तिच्या बोटांवरून हलत नव्हती. थालीपीठं त्यांनी मागून घेतली. त्यानंतर मीटिंगला यायला लागले असं तू सांगितलंस. मी म्हटलं, थालीपीठासाठी येत असेल. तू म्हणालीस, का असेना.

मी दमलो आहे अनघा. पहार घेऊन उन्हात उभा राहिलो तेव्हा असा दमत नव्हतो. घरात कामं काहीच नाहीत आणि संध्याकाळपर्यंत अंग ठेचल्यासारखं होतं. तुझ्या तापाला आम्ही साधा ताप समजलो. या दिवसांत दिल्लीत घरोघरी कोणी ना कोणी आजारी असतं, आम्ही म्हटलं तसाच. हॉस्पिटलात मला थोडा वेळ आत सोडलं होतं. तोंडावरचा मास्क बाजूला करून तू म्हणालीस, "बाबा, ह्या रविवारचं आईंचं…"

मी म्हटलं, "तू गप्प पड. घरी आलीस की बघू."

ते मी रागाने म्हटलं नव्हतं. माझा आवाजच तसा आहे. तुला ते माहीत होतं असं मी धरून चाललो आहे.

पहिल्या रविवारी घरात माणसं होती, कोणाला सुचलं नाही. दुसऱ्या रविवारी प्रशांतने फ्रीजमधून इंजेक्शन काढलं. त्याचा हात इतका कापत होता की तुझ्या सासूनेच ते त्याच्या हातून घेऊन परत ठेवलं. त्याला काय बोलणार, त्याची तर बायको गेली. मग दवाखान्यातल्या सिस्टरला घरी बोलावलं. चांगली मुलगी होती, केरळची, हळू बोलणारी. तुझी सासू भिंतीकडे तोंड करून झोपली ती झोपलीच. मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. सगळी सोसायटी ऐकत होती. सिस्टर बूट घालून गेली. मी आयुष्यात किती अडेलतट्टू माणसं कामाला लावली, पण ही बाई भिंतीकडे बघत म्हणाली, "ओरडा. मला कुठे जायचंय?"

गेल्या रविवारी सक्सेना आणि तंवर आले. वेगवेगळे आले, पण लिफ्टमधून एकदमच बाहेर पडले, एकमेकांना बघून दोघांचीही तोंडं आंबट. तुझ्या फोटोला हात जोडून बसले. सक्सेना म्हणाले, मॅडम होत्या म्हणून काम पुढे सरकत होतं. तंवर म्हणाला, सरक रहा था जी, अब रुक गया। सक्सेना म्हणाले, रुका किसकी वजह से? आणि सुरू झाले! तुझ्या फोटोसमोर, हार अजून ताजा, आणि हे दोघं तेलावरून. कमी करो, बढ़ाओ. आपने स्प्रिंग बदली थी बिना बताए. आपकी दवाई गाढ़ी सै तो मैं क्या करूँ?

मी उठलो आणि ओरडलो. "बैठो दोनों! यह घर है, तुम्हारी फैक्टरी नहीं!"

बसले. हे मुद्दाम लिहितो. माझ्या एका ओरडण्याने दोघंही बसले.

मग तुझी सासू आतून बाहेर आली. हात पदराखाली. म्हणाली, "बेटा, वह पेन कब बनेगा?"

तंवरने सक्सेनांकडे पाहिलं, सक्सेनांनी तंवरकडे.

"पूछ इसलिए रही हूँ," ती म्हणाली, "कि देनेवाली तो गई। तब तक किससे लूँ?"

तंवरएवढा उंच माणूस, त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. चहा न पिता दोघं निघाले. लिफ्ट खाली जाईपर्यंत त्यांचे आवाज ऐकू येत होते. भांडतच होते. पण गेले एकाच लिफ्टमधून.

दार लावून मी आत आलो तर ती डायनिंग टेबलापाशी बसलेली. समोर इंजेक्शनचा डबा. फ्रीजमधून तिनेच काढला होता, कसा काढला कोण जाणे.

"अहो, तुम्ही द्या."

"मी?"

"प्रशांतला नको. परक्या बाईकडून नको. तुम्ही द्या नाही तर राहू दे."

"अगं, मला येत नाही."

"येतं तुम्हाला."

मी तिला वेड्यात काढणार होतो. हात मात्र धुवायला गेलो. आणि साबण लावताना डोक्यात तुझा आवाज चालू झाला. आता हात धुतले. आता औषध अर्धा तास बाहेर ठेवलं, गार असलं की झोंबतं. आता बेंबीपासून दोन बोटं सोडून, मागच्या रविवारची जागा सोडून. आता चिमूट धरली. आता सरळ आत. आता हळू, आता हळू, सुई लगेच काढायची नाही. दर रविवारी तू हे मोठ्याने म्हणायचीस. मी पेपर तोंडासमोर धरून पलीकडे बसलेला. तुझ्या सासूला हे सगळं पाठ होतं, तिला सांगायची गरज नव्हती. तुला स्वतःला तर नव्हतीच. मग तू कोणाला सांगत होतीस गं?

मला हे आवडलेलं नाही. माणसाने नाही म्हटलं की नाही. असं त्याला न विचारता शिकवणं ही फसवणूक आहे, आणि समोर असतीस तर मी हेच म्हटलं असतं आणि तू हसली असतीस. पण सिस्टरसमोर भिंतीकडे वळलेली बाई माझ्यासमोर पोटावरचा पदर बाजूला करून बसली होती. मी दिलं. प्रशांत दारात उभा राहून बघत होता. माझा हात कापला नाही. हेही मुद्दाम लिहितो.

सुई काढून कापूस दाबला आणि विचारलं, "दुखलं?"

"दुखलं."

"माझा हात जड आहे."

"तिच्याकडूनही दुखायचं," ती म्हणाली. "दर वेळी दुखायचं. ती विचारायची, आई, दुखलं का? मी म्हणायचे, कळलंसुद्धा नाही. इतकं जीव लावून देणाऱ्या पोरीला कोण सांगणार, दुखतं म्हणून?"

मी खुर्चीत बसलो. तिला म्हटलं, अगं, ती पोर पेन करत होती. तिला हेच तर माहीत असायला हवं होतं! घरात एक पेशंट, रोज डोळ्यांसमोर, आणि तो पेशंट सुनेचं मन राखायला खोटं बोलत होता. सक्सेनांना थालीपीठ वाढलं, टोपण दातांनी उघडून दाखवलं, पण दुखतं हे तुला सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

"सुई टोचते की औषध झोंबतं?" मी विचारलं. इतकी वर्षं तुझं ऐकून एवढं तरी मला कळत होतं, की हे दोन वेगळ्या माणसांचे प्रश्न आहेत.

तिने थोडा विचार केला. "आधी सुई टोचते. मग औषध झोंबतं. दोन्ही."

दोन्ही. म्हणजे एकट्या तंवरला सांगून भागणार नाही आणि एकट्या सक्सेनांना सांगूनही नाही. सांगितलं तर एक म्हणेल औषध, दुसरा म्हणेल सुई. दोघांना एका ठिकाणी बसवून तिच्या तोंडून ऐकवायला हवं, आणि दोघांनी मान हलवून उठून जाता कामा नये. तुझी सासू यायला तयार आहे. खरं सांगेन म्हणते, आता कोणाचं मन राखायचं राहिलं नाही.

प्रशांतने दोघांचे नंबर काढून दिले आहेत. फोन माझ्यापुढे आहे. ओरडून बोलावलं तर येतील, हे मी गेल्या रविवारी दाखवून दिलं आहे. नुसते येतील, हे तू आधीच सांगून ठेवलं आहेस. विनवणी मला येत नाही, या वयात येणारही नाही. हुकूम करू की विचारू, एवढं तरी सांगून जायचं होतंस.